लेक ग्रीक बोलते, पण विशेषणाचं लिंग चुकतं. सुधारत बसायचं का?

मेलबर्नकरीण: नवरा ग्रीक, जन्म मात्र इथलाच. लेक ८ वर्षांची, माझ्याशी मराठी आणि यायाशी, म्हणजे आजीशी, ग्रीक. बोलते भरभर पण विशेषण आलं की नपुंसकलिंगी करून टाकते. कारेक्ला म्हणजे खुर्ची, ती स्त्रीलिंगी, मोठी आहे म्हणायला 'मेगाली' हवं तर ही म्हणते 'मेगालो'. सासूबाई दर वेळी मधेच तोडून सुधारतात आणि आता पोरगी त्यांच्याशी इंग्लिशच बोलायला लागलीये, मला फार वाईट वाटतंय. काय करू?

शब्दवेडा: आधी बघा, खुर्चीच्या आधी आर्टिकल (इंग्लिश 'द'सारखा शब्द, ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी 'इ', नपुंसक 'तो', आपला मराठी 'तो' नव्हे) कुठलं लावते? 'तो कारेक्ला' म्हणत असेल तर तिच्या डोक्यात खुर्चीच नपुंसक आहे, मग 'मेगालो' तिने बरोबरच जुळवलंय, चूक नामाच्या लिंगाची. पण 'इ कारेक्ला' म्हणून पुढे 'मेगालो' आलं तर लिंग माहितीये, जुळवणी निसटतेय. दोन्ही गोष्टी वेगळ्या! बाहेर वाढलेल्या ग्रीक मुलांचा नपुंसकाकडे ओढा दिसतोच, कारण घरातले रोजचे शब्द बघा, स्पीती (घर), त्रापेझी (टेबल), नेरो (पाणी), अगदी आगोरी (मुलगा) आणि कोरीत्सी (मुलगी) सुद्धा नपुंसक. त्यात पुल्लिंगी 'मेगालोस' कर्म झालं की शेवटचा स गळतो, 'तोन मेगालो द्रोमो', म्हणजे रस्ता पुल्लिंगी असला तरी कानावर 'मेगालो'च पडतं.

आजोळ: आपल्याकडे पण तेच की, मोठा रस्ता मोठी खोली मोठं घर, पण 'मोठ्या खोलीत', 'मोठ्या घरात' म्हटलं की लिंग गायब. अमेरिकेतला माझा भाचा 'मोठा खुर्ची' म्हणतो, मी तोडत नाही, 'हो रे, मोठी खुर्ची, तीच आण' म्हणते आणि गप्पा पुढे. सासूबाईंनाही हेच सांगा. आणि द्रोमोस पुल्लिंगी, ओदोस (तोही रस्ताच) स्त्रीलिंगी, दासोस (जंगल) नपुंसक, तिघांचाही शेवट 'ओस', लेकराने ओळखायचं कसं?

मेलबर्नकरीण: काल जेवताना ऐकत बसले. 'इ कारेक्ला' प्रत्येक वेळी बरोबर! 'इ मेगाली कारेक्ला' पण नीट. 'यायाच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची…' असं वाक्य लांबलं की शेवटी 'मेगालो'. निळी म्हणताना एकदाही चुकली नाही, पण 'ब्ले' तर बदलतच नाही ना, आपल्या 'लाल'सारखं. सासूबाईंना सांगितलं, लिंग येतंय हो तिला. त्या म्हणाल्या, मग उद्यापासून तिचं वाक्य पूर्ण होऊ देईन.