मदत हवी आहे : राज्य करणाऱ्या राणीच्या नवऱ्याला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते. परवा आठवीतल्या मुलीनं अहिराणीत विचारलं, "मॅडम, राजानी बायको राणी, मंग राणीना नवरा राजा काबर नई?" प्रश्न फार आवडला, म्हणून यावर भित्तिपत्रक करतोय.

माहिती बरीच जमवली आहे. व्हिक्टोरिया राणीचं लग्न १८४० मध्ये झालं, पण पती अल्बर्टला 'प्रिन्स कॉन्सॉर्ट' (राणीचा पती असलेला राजपुत्र) हा किताब मिळायला १८५७ उजाडलं. दुसऱ्या एलिझाबेथ राणीचे पती फिलिपना तो कधीच मिळाला नाही, ते एडिंबराचे ड्यूक म्हणून ओळखले गेले. डेन्मार्कच्या मार्गारेथे राणीचे पती हेन्रिकना तर राजा न म्हणवल्याचं दुःख शेवटपर्यंत होतं. मला त्यांची खंत समजते. उलट ब्रिटनचे राजे चार्ल्स यांची पत्नी कॅमिला २०२२ पासून सरळ राणी. आपल्याकडे १६७४ च्या राज्याभिषेकात सोयराबाई पट्टराणी झाल्या. म्हणजे बायकोसाठी शब्द तयार आहे.

अडलंय ते नवऱ्यासाठी. 'राणीपती' कानाला खटकतं, 'राजपती' म्हटलं तर पोरं राजाच समजतील. आमच्याकडे बाया 'यजमान' म्हणतात, पण तो काही किताब नव्हे. जुन्या मराठी पुस्तकांत, बखरींत किंवा वर्तमानपत्रांत अल्बर्टसाठी कोणता शब्द कुणी वाचलाय का? भोपाळच्या बेगमांच्या नवऱ्यांना दरबारात काय म्हणत, हेही हवं आहे. वाचलेलं पान असेल तर फोटो टाका. शनिवारी पत्रक लावायचं आहे.