गृहज्योती सोडून ईव्हीचा हिशोब करू नका
ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाडी घ्यावी की पेट्रोल, यावर कुणीतरी ईव्हीला किलोमीटरमागं ९० पैसे लिहिलंय, पेट्रोलला सात रुपये, म्हणजे युनिट सहा रुपयाच्या आसपास आणि युनिटला सात किमी धरलंय, ते बरोबरच हाय पण आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं बऱ्याच घरांना २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत लाईट बिल झिरो येऊलाय ते विसरलात की. महिन्याला २०० युनिटच्या वर गेला की नुसतं वरचंच नाही, अख्खं बिल भरायचं. घरात १०० युनिट जळत असतील आणि महिन्याला हजार किमी गाडी फिरली तर चार्जिंगची गळती धरून १६० युनिट वाढणार, म्हणजे फुकटचे १०० पण गेले आणि फिक्स चार्ज वेगळा. ते सगळं ईव्हीच्या खात्यावर टाकलं तर किमीला दीड-पावणेदोन पडतंय. तरी पेट्रोलपेक्षा लईच स्वस्त, वाद नाही. आणि हो, चोर्ला घाटातनं गोव्याला सारखं जाऊन वाटेत फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपये मोजणार असाल तर तीन रुपये धरा. महिन्याला तीन-चारशे किमीच गाडी निघत असेल तर मात्र ईव्हीला जास्तीचे मोजलेले दोन-तीन लाख कधी वसूल व्हायचे बाबा, त्यांनी पेट्रोलच घ्यावी.