कोबाल्ट हायड्रॉक्साइडपासून बॅटरी-ग्रेड सल्फेट: मॅग्नेशियम उतरत नाही

द्रावण_पहारा:

मंडळी, काँगोतल्या कोलवेझीकडचा कोबाल्ट हायड्रॉक्साइड केक (खाणीवर पाडलेला ओला गाळ) घेऊन पायलट प्लांटवर कोबाल्ट सल्फेट हेप्टाहायड्रेट (सात पाण्याचे रेणू असलेला क्षार) काढतोय. कोरड्या वजनावर केकमध्ये कोबाल्ट २९.५%, मॅग्नेशियम ५.२%, मँगनीज ४.१%, तांबं ०.८%, कॅल्शियम ०.६%, जस्त ०.२%. ओलावा ५८%.

क्रम असा: ७० अंशांवर सल्फ्युरिक आम्लात लीचिंग म्हणजे धातू विरघळवणं (पीएच १.८, सोबत सोडियम मेटाबायसल्फाइट), चुनखडी टाकून पीएच ४.२ ला लोह-अ‍ॅल्युमिनियम पाडणं, मग १५% डी२ईएचपीए (मँगनीज, जस्त, कॅल्शियम उचलणारं, तेलात मिसळलेलं रसायन), त्यानंतर २०% सायनेक्स २७२ (तसंच, पण कोबाल्ट उचलणारं; एक्स्ट्रॅक्शन म्हणजे उचलणं ४ स्टेज, स्क्रब म्हणजे धुणं १, स्ट्रिप म्हणजे आम्लाने परत काढणं ३), शेवटी निर्वातात ६० अंशांवर स्फटिकीकरण. सायनेक्सच्या भरलेल्या ऑरगॅनिकमध्ये (तेलाच्या थरात) कोबाल्ट ६ ग्रॅम प्रतिलिटर.

स्फटिकात मॅग्नेशियम ९०० पीपीएम (दहा लाखांत ९०० भाग) येतंय, ग्राहकाची मर्यादा ५०. डी२ईएचपीएच्या स्ट्रिप स्टेजमध्ये पांढरा थर धरतो, दर आठवड्याला खरवडावा लागतो. आणि माल बॅगेत दगडासारखा बसतो, कोबाल्ट मात्र २१.९% लागतंय, म्हणजे चांगलंच म्हणायचं ना? स्फटिक पुन्हा विरघळवून परत काढले तर मॅग्नेशियम सुटेल का, की सोडियम फ्लोराइडने पाडू?

मिक्सर_सेटलर:

दोन्ही नको. मॅग्नेशियम सल्फेट कोबाल्ट सल्फेटच्या जाळीतच कोबाल्टची जागा घेऊन बसतं, त्यामुळे पुनर्स्फटिकीकरणाने फार थोडं सुटतं आणि वाफ दुप्पट जळते. फ्लोराइडने मॅग्नेशियम आणि कॅल्शियम पडतात हे खरं, पण उरलेलं फ्लोराइड द्रावणात राहतं. पुढे आम्ल भेटलं की ते फायबरग्लासच्या टाक्या खातं, टायटॅनियमची नळीही सोडत नाही.

आधी हिशेब करा. केकमध्ये मॅग्नेशियम-कोबाल्टचं गुणोत्तर ०.१७६. हेप्टाहायड्रेटमध्ये ५० पीपीएम म्हणजे ०.०००२४. एकूण सुमारे ७३० पट वेगळं करायचंय आणि तुमचं आत्ता ४० पटीवर अडलंय. डी२ईएचपीए मॅग्नेशियमला जवळजवळ हात लावत नाही, म्हणजे सगळं ओझं सायनेक्सवर आहे, आणि तेच तुम्ही अर्धपोटी चालवताय. २०% सायनेक्सची सैद्धांतिक क्षमता साधारण १६ ग्रॅम कोबाल्ट प्रतिलिटर. ६ वर चालवलं की रिकाम्या जागा मॅग्नेशियम भरून काढतं. ऑरगॅनिकचा प्रवाह कमी करून ११-१२ ग्रॅमपर्यंत न्या. त्याच्या फार वर मात्र नको, कोबाल्टचे कॉम्प्लेक्स साखळ्या धरतात, ऑरगॅनिक घट्ट होतं आणि सेटलरमध्ये तेल आणि पाण्याचे थर सुटायला वेळ लागतो. तापमान ४५ ते ५० अंश ठेवलं तर चिकटपणाही आटोक्यात राहतो आणि कोबाल्ट-मॅग्नेशियमची निवडही सुधारते.

रॅफिनेटमधला (एक्स्ट्रॅक्शननंतर उरलेल्या द्रावणातला) शेवटचा कोबाल्ट ओढण्यासाठी पीएच ६ कडे नेत असाल तर थांबा. शेवटच्या स्टेजला ५.३-५.५ पुरे. रॅफिनेटमध्ये ०.२-०.३ ग्रॅम कोबाल्ट राहू द्या, तो कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) हायड्रॉक्साइड म्हणून पाडून लीचिंगला परत पाठवा. कॉस्टिक थेट मिक्सरमध्ये ओतू नका, थेंब पडतो तिथे पीएच उसळतो आणि क्रड (दोन थरांमधला चिखल) तयार होतो. ऑरगॅनिक आधीच ४०-५०% सॅपोनिफाय करून घ्या, म्हणजे कॉस्टिक त्यात आधीच मुरवा. टनभर कोबाल्टमागे १.३६ टन कॉस्टिक आणि २.४ टन सोडियम सल्फेट धरूनच चला, हे रसायनशास्त्राचं गणित आहे, त्यात घासाघीस होत नाही.

स्क्रबची एक स्टेज म्हणजे नावापुरती. तीन करा. स्क्रब पाण्याने किंवा नुसत्या आम्लाने नाही, स्ट्रिपमधलंच शुद्ध द्रावण कोबाल्ट १५-२० ग्रॅम प्रतिलिटरवर पातळ करून, पीएच ४ च्या आसपास. त्यातला कोबाल्ट ऑरगॅनिकवरच्या मॅग्नेशियमला ढकलून काढतो. वापरलेला स्क्रब एक्स्ट्रॅक्शनच्या फीडमध्ये जातो, त्यामुळे कोबाल्ट वाया जात नाही.

जिप्समवाला:

पांढरा थर जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा), आणि त्यातलं बरंचसं तुम्हीच आणलंय. चुनखडी वापरली की द्रावण कॅल्शियमने संपृक्त होतं, साधारण अर्धा ग्रॅम प्रतिलिटर. डी२ईएचपीए ते कॅल्शियम इमानेइतबारे उचलतं आणि स्ट्रिपमध्ये सल्फ्युरिक भेटलं की तिथेच जिप्सम.

चुनखडीऐवजी ताज्या केकचाच स्लरी टाकून पीएच वाढवा. उरलेलं आम्ल त्यातच खर्ची पडतं, बाहेरून काही येत नाही. केकचा ऑक्सिडाइझ झालेला भाग त्या पीएचला विरघळणार नाही, तो लोहाच्या गाळात राहतो, म्हणून गाळ फेकायचा नाही, आम्ल लीचमध्ये परत घ्यायचा. लोहाला बाहेर जायला छोटा ब्लीड (सतत बाहेर काढायचा थोडा प्रवाह) ठेवा. केकमधलं ०.६% कॅल्शियम तरीही येणारच. त्यासाठी डी२ईएचपीएचं स्ट्रिपिंग हायड्रोक्लोरिकने करा आणि ऑरगॅनिक परत येण्याआधी पाण्याने एक वॉश द्या, नाहीतर क्लोराइड पुढे सरकतं. जमलेलं फेरिक लोह काढायला वेगळा छोटा प्रवाह ६ मोलर हायड्रोक्लोरिकवर.

थंड_स्फटिक:

२१.९% ही चांगली बातमी नाही. शुद्ध हेप्टाहायड्रेटमध्ये कोबाल्ट २०.९६% च असतो, एक पाणी कमी असलेल्या हेक्झाहायड्रेटमध्ये २२.४%. तुमचा माल मिश्रण आहे. साधारण ४१ अंशांच्या वर हेप्टा टिकत नाही, ६० ला हेक्झाच पडतो, मग बॅगेत तो हवेतला ओलावा ओढून हेप्टा होऊ लागतो आणि कण एकमेकांना सांधले जातात. ६० ला फक्त द्रावण घट्ट करा, स्फटिक २५-३० अंशांपर्यंत सावकाश थंड करून काढा. ड्रायरमध्येही मालाचं तापमान ४० खाली ठेवा.

स्फटिकीकरणाआधी अँथ्रासाइट फिल्टर आणि कार्बन कॉलम आहे का? ऑरगॅनिकचा अंश राहिला तर स्फटिक बारीक पडतात आणि तेलकट वास येतो. मदर लिकरचा (स्फटिक काढल्यावर उरलेल्या द्रावणाचा) ब्लीडही हवा. सोडियम साचलं तर कोबाल्टबरोबर दुहेरी क्षार होऊन तेही उतरतं.

ओलावा_मोजा:

लीचिंगबद्दल कोणी बोललं नाही. काँगोने २२ फेब्रुवारी २०२५ ला कोबाल्टची निर्यात बंद केली, १६ ऑक्टोबरपासून कोटा लावला, २०२६ आणि २०२७ साठी वर्षाला ९६,६०० टन. २०२४ च्या उत्पादनाच्या निम्म्याहूनही हे कमी. त्यामुळे कित्येक महिने पडून राहिलेला केक बाजारात येतोय. केक तपकिरी-काळा पडला असेल तर कोबाल्ट आणि मँगनीज ऑक्सिडाइझ झालेत, ते नुसत्या आम्लात विरघळत नाहीत. मेटाबायसल्फाइट ठरावीक किलो टाकू नका, रेडॉक्स पोटेन्शियल (द्रावणाची ऑक्सिडेशनची पातळी) बघून टाका. आम्ल टनभर कोरड्या केकला ०.७७ टन हा किमान हिशेब, त्यात २०० किलोच्या वर एकट्या मॅग्नेशियमसाठी. हे मॅग्नेशियम खाणीवर मॅग्नेशियाने (मॅग्नेशियम ऑक्साइडने) हायड्रॉक्साइड पाडताना आलेलं. ज्या लॉटमध्ये ते ३% आहे त्याला थोडा जास्त भाव दिला तरी परवडतं.

आणि ५८% ओलावा कोणाचा आकडा? १ टक्का चुकला तर टनभर ओल्या केकमागे जवळपास ३ किलो कोबाल्टचे पैसे जातात. बॅगा उघडून नळीने पूर्ण खोलीचा नमुना घ्या, वरवरचा सुकलेला घेऊ नका.

द्रावण_पहारा:

रेडॉक्स प्रोब नाहीच, बसवतो. इंडोनेशियाचा एमएचपी (निकेल-कोबाल्टचा मिश्र हायड्रॉक्साइड) मिळतोय, तो याच लाइनवर चालेल का? आणि सायनेक्सचा थर सुटायला हल्ली जास्तच वेळ लागतोय.

मिक्सर_सेटलर:

एमएचपी म्हणजे निकेल ३५-४०%, कोबाल्ट दोन-चार टक्के. या लाइनवर घेतलात तर रॅफिनेटच मुख्य माल होईल, आणि त्यापुढे निकेलची सगळी शुद्धी लागेल. गोव्यात कुंकळ्ळीला वेदांताने २०२१ मध्ये घेतलेला निकोमेट प्लांट निकेल-कोबाल्ट दोन्हींचा आहे, तशी मांडणी हवी.

थराचं म्हणाल तर डायल्यूएंट (सायनेक्स पातळ करणारं तेल) ऑक्सिडाइझ होत असणार. कोबाल्ट त्यात उत्प्रेरकाचं काम करतो, कार्बोक्झिलिक आम्लं होतात आणि निवडही ढासळते. ऑरगॅनिकमध्ये बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) आहे का बघा, मिक्सरमध्ये हवा ओढली जाते का तेही. एक लिटर ऑरगॅनिक क्लेमधून (शोषक मातीतून) गाळून थर सुटायची वेळ आधी आणि नंतर मोजा. फरक पडला तर पूर्ण साठ्याला क्ले ट्रीटमेंट द्या.