तुमच्या ऐकण्याचा आलेख : ॲप बनवणाऱ्यांनो, अनुभव लिहा

आपण काय ऐकतो हे चित्रातून दाखवणारं वेब ॲप इथे बऱ्याच जणांनी केलंय. डिझाइन करताना काय ठरवलंत आणि का, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझं ऐकणं म्हणजे मुख्यतः ख्याल. आपण काय ऐकतो याची नोंद ठेवणाऱ्या लास्ट.एफएम या सेवेचा नियम असा की रचना 30 सेकंदांहून मोठी हवी आणि तिचा निम्मा भाग किंवा 4 मिनिटं, जे आधी होईल तेवढं वाजलं की एक नोंद. म्हणजे 50 मिनिटांचा मारवा राग शेवटपर्यंत ऐकला तरी एकच नोंद, आणि 3 मिनिटांच्या भावगीताचीही एकच! नोंदी मोजून चित्र काढलं तर माझा मारवा दिसतच नाही. म्हणून मी मिनिटं मोजते. स्पॉटिफायकडून ऐकण्याच्या सविस्तर इतिहासाची फाइल मागवली की प्रत्येक नोंदीत किती मिलिसेकंद वाजलं ते येतं. तो आकडा वर्तुळाच्या क्षेत्रफळाला द्यावा. त्रिज्येला दिला, तर दुप्पट ऐकलेलं चौपट दिसतं.

मंद्रसप्तक :
मिनिटांबद्दल शंभर टक्के सहमत. वेळेचंही बघा. त्या फाइलमधल्या वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत असतात, त्यामुळे पहाटे 5 ला संपलेली भूपाळी आदल्या रात्री साडेअकराला जाऊन बसते. मी वर्षातून काही महिने दुबईत असतो, म्हणून सरसकट साडेपाच तास मिळवून भागत नाही. नोंदीत देशाचा कोड असतो, त्यावरून स्थानिक वेळ काढतो. घड्याळाचे 24 भाग न करता आठ प्रहर केले. राग ऐकणाऱ्याला ते चटकन कळतं.

तंबोरा_नाशिक :
माझा सगळा वेळ नावांत गेला. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी : संगणकाला हे तीन कलाकार! आपोआप जुळवणीवर मी विसंबत नाही, हाताने यादी केली. चित्रपटगीतांत गायक आणि संगीतकार एकाच रकान्यात येतात, तेही वेगळे काढले.

ओवी :
आमच्या घरी खातं एकच. सकाळी आजीचा हरिपाठ, रात्री भावाचं रॅप. वेगळं करायला गेले नाही, आलेखाला 'घर' असंच नाव दिलं. आजीला तिचा सकाळचा पट्टा फार आवडला. एक कळकळीने सांगते, स्पॉटिफायच्या त्या फाइलमध्ये आयपी पत्तेही (आपल्या इंटरनेट जोडणीचे क्रमांक) असतात. फाइल ब्राउझरमध्येच वाचा, सर्व्हरवर पाठवू नका.