लंडन: बसऐवजी डीएलआर आणि बोगदा

लहान मुलं बरोबर असतील तर लंडनला हॉप-ऑन बसच (हवं तिथे चढा-उतरा अशी पर्यटकांची बस) बरी, असं म्हणतात, ते मला पटलं नाही. आमची अर्धी दुपार त्या बसमध्ये ट्रॅफिक बघण्यात गेली. दुसऱ्या दिवशी बँक स्टेशनवरून डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे, तिथली छोटी लोकल) पकडली. तिला पुढे ड्रायव्हरची केबिनच नसते, त्यामुळे पहिली सीट मिळाली की पोरं खूश (बाबाही). ११ वर्षांखालच्यांना मोठ्यांबरोबर फुकट.

नदीपलीकडच्या ग्रिनिचला जायचं तर कटी सार्क स्टेशनच्या एक स्टेशन आधी, आयलंड गार्डन्सला उतरा. तिथून थेम्सखालून ग्रिनिचला जाणारा १९०२ सालचा पादचारी बोगदा आहे. आत पांढऱ्या टाइल्स, आवाज असा घुमतो की लेक ओरडतच सुटली. "आजी, वर नदी आहे!" म्हटल्यावर आईने छताकडे बघत पदर डोक्यावर घेतला. बाहेर पडलं की समोरच कटी सार्क हे जुनं शिडाचं जहाज. लिफ्ट कधीकधी बंद असते, बाबागाडी असेल तर तेवढं बघून जा.