मदत हवी आहे: वर्ल्डकप संपला की पोरं गळतात, फुटबॉल रुजवायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मित्र दर रविवारी सकाळी दहा ते चौदा वयाच्या पोरांना फुटबॉल शिकवतो. मैदान क्रिकेटवाल्यांचं. मधली खेळपट्टी दोरी लावून बंद, म्हणून आम्ही कडेच्या पट्ट्यात. एका बाजूला चपलांचा गोल, दुसऱ्या बाजूला दगडांचा. (राग नाही हो, शाळेत मीही क्रिकेटच खेळायचो.)

वर्ल्डकपच्या महिन्यात चाळीस पोरं आली. दोन महिन्यांत अकरा उरली.

एक मित्र म्हणतो, एखादा नावाजलेला खेळाडू आणून प्रदर्शनी सामना ठेवू. मला पटत नाही. १९७५ मध्ये पेले अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबकडून खेळायला गेला, स्टेडियमं भरली, आणि १९८४ चा हंगाम संपल्यावर तो क्लब ज्या लीगमध्ये खेळायचा ती अख्खी लीगच गुंडाळली गेली. १९९६ मध्ये अमेरिकेची नवी लीग, एमएलएस आली, तिने तरी काय केलं? सामना बरोबरीत सुटला की ३५ यार्डांवरून चेंडू घेऊन एकट्याने गोलकीपरवर धावून जायचं, सामन्याचं घड्याळ उलटं, शून्याकडे चालवायचं. सगळा आटापिटा दुसऱ्या खेळांचे प्रेक्षक ओढायला. २००० पासून दोन्ही बंद.

मग पोरं टिकतात कशाने? अनुभव असेल त्यांनी सांगा.

प्रतिसाद १: चाळीस पोरांत चेंडू किती होते? एकच असेल तर उत्तर तिथेच आहे. तासाभरात ज्याचा पाय चार वेळा चेंडूला लागतो, तो पुढच्या रविवारी कशाला उठेल? चार-चारच्या टीम करा, छोटे गोल, गोलकीपर नको. बारा वर्षांखालच्यांना पाच नंबरचा नाही, चार नंबरचा, म्हणजे थोडा लहान चेंडू द्या. शिकवणं कमी, खेळणं जास्त.

प्रतिसाद २: पेलेचं उदाहरण अर्धवट आहे. जपान बघा. बेसबॉलवेडा देश. १९९३ मध्ये दहा क्लब घेऊन जे-लीग सुरू केली, आणि क्लबच्या नावात कंपनी नको, गावाचं नाव हवं असा आग्रह धरला. ब्राझीलचा नामांकित खेळाडू झिको काशिमासारख्या छोट्या गावात गेला तो लीग सुरू व्हायच्या आधीच, आणि रमला. पुढे जपानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही झाला. १९९८ ला जपान पहिल्यांदा वर्ल्डकपमध्ये. मोठं नाव वाईट नसतं, पाहुणा म्हणून आलं की वाया जातं. तुमच्या टीमला नाव आहे का? वस्तीचं द्या, पोरांना मिरवायला काहीतरी लागतं.

प्रतिसाद ३: मुलींना बोलावलंत का? मोठ्या खेळाने मुलगे आधीच पळवलेले असतात, मुलींकडे बघतं कोण? अमेरिकेत १९९९ च्या महिला वर्ल्डकप फायनलला रोझ बोल स्टेडियममध्ये नव्वद हजारांवर लोक होते. पुरुषांची लीग तेव्हा चाचपडत होती.

धागाकर्ता: झिकोचा मुद्दा मान्य, मित्राला वाचून दाखवतो. चेंडू दोनच होते, त्यातला एक पंक्चर. आणि अकरात एकही मुलगी नाही, डोक्यातच आलं नव्हतं. एका पोराची बहीण त्याला न्यायला येते आणि कडेला उभी राहते. बाहेर गेलेला चेंडू ती परत मारते, बरोबर ज्याला हवा त्याच्या पायात. या रविवारी तिला आत घेतो.

बारा पोरांना चार नंबरचे किती चेंडू पुरतील?