अंडं, पाणी आणि कापलेला देह: सगळ्या सृष्टिकथा खरंच एकच?

इष्टिका: ‘आद्य जल, आद्य अंडं, आद्य पुरुष, आदिबंध (मूळ साचा) एकच, नावं तेवढी वेगळी’ असं ठासून सांगणारा लेख वाचला आणि राहवलं नाही. अहो, कोण काय करतंय ते तरी बघा! बाबिलोनच्या ‘एनूमा एलिश’ या सृष्टिकाव्यात मार्दुक हा देव आद्य सागरदेवी तियामतच्या तोंडात वारा कोंबतो, बाणाने पोट फोडतो आणि वाळवायच्या मासळीसारखी तिला चिरतो. अर्ध्या भागाचं आकाश करतो, वर पहारेकरी नेमतो, का तर तिचं पाणी निसटू नये. हे युद्ध झालं. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात देव आद्य पुरुषाचाच यज्ञ करतात: वसंत आज्य (तूप), ग्रीष्म इध्म (सरपण), शरद हवि (आहुती), ७ परिधी (अग्नीभोवतीच्या काठ्या), २१ समिधा. शत्रू आहेच कुठे?

रानवारा: तियामत सोडा, नॉर्स कथेतला यमीर घ्या, देव ज्याला मारून जग घडवतात तो राक्षस. मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचं आकाश. पुरुषाच्या डोक्यापासून द्यौ (आकाश), डोळ्यापासून सूर्य, पायांपासून भूमी. शिवाय ‘यमीर’ आणि ‘यम’ ही नावं ‘जुळा’ अर्थाच्या एकाच मुळाशी जातात असं भाषाशास्त्रज्ञ मांडतात. याला योगायोग म्हणणार?

तळटीप: मग चीनच्या आद्य महाकाय पांगूचं काय? चिनी भाषा संस्कृत-नॉर्सच्या कुळातली नाही, तरी श्वासाचा वारा, आवाजाची मेघगर्जना, डावा डोळा सूर्य, उजवा चंद्र. आणि त्याला कोणी मारत नाही. तो १८,००० वर्षं वाढतो, आकाश रोज एक झांग (लांबीचं चिनी माप) वर सरकतं, मग तो आपला आपण मरतो. तुमचा यमीर सविस्तर लिहिला स्नोरी या लेखकाने, १३व्या शतकात, ख्रिस्ती आइसलंडमध्ये!

रानवारा: स्नोरी तिथे जुन्या काव्याची कडवी देतो, ती वाचून बोला.

पिंपळपान: डोळे-हाडं मोजून झाली असतील तर पुरुषसूक्ताच्या १२व्या ऋचेकडे या. मुख ब्राह्मण, पायांतून शूद्र. ‘शूद्र’ शब्द अख्ख्या ऋग्वेदात या एकाच जागी येतो. आणि षोडशोपचारात हीच ऋचा दीप ओवाळताना म्हणतात.

रानवारा: विषय भरकटवू नका. १६ उपचारांना १६ ऋचा ओळीने लावल्यात: सहावी स्नानाला, तेरावी नैवेद्याला, सोळावी ‘यज्ञेन यज्ञमयजन्त’ मंत्रपुष्पाला. बारावी दिव्याला आली ती क्रमाने. त्यात हेतू शोधू नका.

पिंपळपान: क्रमाने आली म्हणून अर्थ पुसला जात नाही! आणि हे भरकटणं नाही, हाच मुद्दा आहे. माणूस कुठून आला ते विचारा. बाबिलोनमध्ये तियामतचा सेनापती किंगू याच्या रक्तातून, देवांचे कष्ट उपसायला. पांगूच्या अंगावरच्या किड्यांपासून. यमीरच्या देहातून तर माणूस येतच नाही. पहिली माणसं, आस्क आणि एंब्ला, घडतात किनाऱ्यावरच्या दोन झाडांपासून. माणसांची उतरंड थेट अवयवांवर बसवलेली यांतल्या फक्त एका कथेत दिसते.

इष्टिका: हे मात्र मान्य करावं लागेल. मी ‘शत्रू नाही’ एवढ्यावरच थांबले होते. कापून झाल्यावर वाटा कोणाला कोणता, ते पाहिलंच नाही.

तळटीप: आणि लेखातलं अंडं? छांदोग्य उपनिषदात ते फुटून चांदीच्या कवचाची पृथ्वी, सोन्याच्या कवचाचं आकाश होतं. तिथे ना बळी, ना वध. एकाच आदिबंधात हे बसवा बघू.

रानवारा: अंडं सोडून देतो. पुरुष आणि यमीर यांचं नातं सोडणार नाही.